टेंडर घेणं आणि टेंडर पेलणं: अमेरिकी हवाई दलाच्या टँकरचं प्रकरण

सरकारी टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाला ९ जुलै २०१० च्या दुपारची गोष्ट माहीत असायला हवी. अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राइट-पॅटरसन हा हवाई दलाचा मोठा तळ आहे. उडत्या विमानांना इंधन पुरवणाऱ्या टँकर विमानांची खरेदी होती, आणि त्या दिवशी दुपारी दोनच्या आत तिथल्या ठरलेल्या कार्यालयात निविदा पोचायला हवी होती. कॅलिफोर्नियातल्या यूएस एरोस्पेस नावाच्या एका लहान कंपनीने युक्रेनच्या अँतोनोव्हला सोबत घेऊन निविदा तयार केली होती. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यांचा माणूस दीड वाजता तळाच्या फाटकावर हजर होता. फाटकावर वेळ गेला, आत गेल्यावर तो रस्ता चुकला. कागद हातात घेतले गेले तेव्हा त्यावर वेळ पडली २ वाजून ५ मिनिटं.

हवाई दलाने ती निविदा विचारातच घेतली नाही. कंपनीने रीतसर तक्रार केली, आम्हाला फाटकावर रखडवलं, चुकीचा रस्ता सांगितला, असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये ती तक्रार फेटाळली गेली. लष्करी तळावर आत शिरायला वेळ लागतो हे धरूनच निघायला हवं, ती जबाबदारी निविदा भरणाऱ्याची, असा त्या निकालाचा आशय. दुसरी स्पर्धक ईएडीएस, म्हणजे एअरबसची तेव्हाची मूळ कंपनी, आपली जवळजवळ नऊ हजार पानांची निविदा आदल्या दिवशीच देऊन मोकळी झाली होती.

मला हे वाचताना पोटात खड्डा पडला होता. आमचा धंदा पाणीपुरवठ्याच्या पंपांचा, आणि ई-टेंडर येण्याआधीची कित्येक वर्षं मी स्वतः लिफाफे घेऊन धावलो आहे. एका कार्यालयात निविदा पेटीच्या फटीवर बरोबर तीनला कागदाची पट्टी चिकटवून कारकून त्यावर आडवी सही करायचे. एकदा मी जिना चढून वर आलो तेव्हा त्यांचं बोट त्या पट्टीवरून फिरत होतं, डिंक अजून ओला होता. लिफाफा माझ्या हातातच राहिला. तांत्रिक लिफाफा, दराचा लिफाफा, बयाण्याचा डीडी, सगळं जागच्या जागी. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

पण त्या पाच मिनिटांपेक्षा मला या प्रकरणाचा उरलेला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या कामासाठी तो माणूस धावत होता, ते काम अमेरिकी सरकारी खरेदीतल्या सगळ्यात गाजलेल्या टेंडरांपैकी एक आहे. दहा वर्षांत ते तीनदा हातातोंडाशी आलं, दोनदा मोडलं, आणि ज्या कंपनीने ते शेवटी घेतलं तिला ते निभावताना ७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसावा लागला. टेंडर कसं मिळवायचं यावर सगळे बोलतात. मिळाल्यावर काय होतं, यासाठी हे प्रकरण बारकाईने बघायला हवं.

काम काय होतं

उडत्या विमानात दुसऱ्या विमानातून इंधन भरतात, त्या इंधनवाहू विमानाला टँकर म्हणतात. अमेरिकी हवाई दलाकडे अशी शेकडो विमानं आहेत आणि त्यातली बहुतेक केसी-१३५ जातीची. ही विमानं १९५७ पासून सेवेत आली. टँकर नसेल तर अमेरिकेच्या लढाऊ, बाँबफेकी, मालवाहू विमानांना समुद्रापारच्या लांब पल्ल्याच्या कामगिऱ्या करणं फार अवघड होतं. त्यामुळे ताफा म्हातारा होत चालला तशी नव्याची निकड वाढत गेली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमान कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या. तेव्हा हवाई दलाने बोइंगची ७६७ विमानं टँकर म्हणून भाड्याने घ्यायची असा घाट घातला. शंभर विमानं, वीस अब्ज डॉलरहून मोठा व्यवहार, आणि खरी स्पर्धा नाही. सिनेटर जॉन मॅकेन यांनी हा प्रकार लावून धरला. विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणं महाग का पडतंय, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

त्यातून बाहेर आलं ते भयंकर होतं. हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या वरिष्ठ अधिकारी डार्लीन ड्रुइयन बोइंगशी वाटाघाटी करत असतानाच बोइंगमध्ये स्वतःच्या नोकरीचं बोलत होत्या. त्याआधी मुलीला आणि होणाऱ्या जावयाला तिथे नोकरी लावून घेतली होती. जानेवारी २००३ मध्ये त्या बोइंगमध्ये रुजू झाल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्यांना आणि वित्त विभागाचे प्रमुख मायकेल सिअर्स यांना काढून टाकलं, पाठोपाठ मुख्य कार्यकारी अधिकारी फिल कॉन्डिट यांनी राजीनामा दिला. टँकरचा दर आपल्याला योग्य वाटत होता त्याहून जास्त मान्य केला, ती बोइंगला निघतानाची भेट होती, असं ड्रुइयन यांनी पुढे न्यायालयात कबूल केलं. त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली, सिअर्स यांना चार महिन्यांची. २००६ मध्ये बोइंगने हे आणि आणखी एक प्रकरण मिटवण्यासाठी ६१ कोटी ५० लाख डॉलर भरले. भाड्याचा व्यवहार बारगळला.

या भागावर मी जास्त रेंगाळत नाही, कारण शिकण्यासारखं इथे एकच आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एवढंच लक्षात ठेवू की पुढच्या फेऱ्यांमध्ये खरेदी करणारे अधिकारी, दोन्ही कंपन्या, संसदेतले लोक, सगळे दुधाने तोंड पोळल्यासारखे वागत होते. प्रत्येक कागदाकडे संशयाने बघितलं जात होतं.

जिंकूनही हरलेली फेरी

जानेवारी २००७ मध्ये रीतसर टेंडर निघालं. १७९ विमानं. एका बाजूला बोइंगचं ७६७ वर आधारलेलं विमान, दुसऱ्या बाजूला नॉर्थ्रॉप ग्रुमन आणि ईएडीएस यांची जोडी, एअरबस ए-३३० वर आधारलेलं मोठं विमान घेऊन. हे विमान अलाबामातल्या मोबील शहरात जोडायचं ठरलं होतं.

२९ फेब्रुवारी २००८ ला निकाल लागला आणि नॉर्थ्रॉपची जोडी जिंकली. बोइंगला धक्का बसला. अमेरिकेत अशा वेळी हरलेल्या कंपनीला एक हक्क असतो, जो मला फार मोलाचा वाटतो. खरेदी करणाऱ्या खात्याला तिला समोर बसवून सांगावं लागतं की तुमची निविदा कुठे कमी पडली. आपल्याकडे बऱ्याचदा निकालाची शीट अपलोड होते आणि विषय संपतो. बोइंगने ते सगळं ऐकून घेतलं आणि लगेच, ११ मार्चला, तक्रार दाखल केली.

ही तक्रार ऐकते ती जीएओ, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. ही अमेरिकी संसदेची हिशेब तपासणी संस्था. आपल्या कॅगची आठवण व्हावी, पण कॅगकडे नसलेलं एक काम तिच्याकडे आहे: टेंडरच्या तक्रारींचा निवाडा. वेळेत तक्रार केली तर काम आपोआप थांबतं आणि निकाल शंभर दिवसांत द्यावा लागतो. १८ जूनला तो आला. बोइंगची तक्रार मान्य झाली.

निकालपत्रातले मुद्दे वाचताना कुणाचं विमान सरस होतं हा प्रश्न जीएओने घेतलेलाच नाही, हे आधी ध्यानात येतं. प्रश्न एवढाच की टेंडरमध्ये जे छापलं होतं त्याप्रमाणे गुण दिले का?

छापलं असं होतं की इंधन देण्याच्या क्षमतेसारख्या मुख्य अटींमध्ये एक किमान पातळी आहे आणि एक उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाच्या वर कितीही गेलात तरी त्याचे जास्तीचे गुण मिळणार नाहीत. एअरबसचं विमान मोठं, त्यात इंधन जास्त मावतं. आजचं ए-३३० टँकर साधारण १११ टन इंधन घेऊन जातं, बोइंगचं केसी-४६, म्हणजे ७६७ वरून पुढे बनलेलं टँकर, साधारण ९६ टन. हवाई दलाला मोठं विमान आवडलं आणि उद्दिष्टाच्या वरच्या इंधनाचं श्रेय त्यांनी मोजून टाकलं. स्वतःच छापलेल्या अटीच्या विरुद्ध.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. विमानं मिळू लागल्यापासून दोन वर्षांच्या आत हवाई दलाच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या दुरुस्तीची सोय उभी करण्याचं नियोजन आणि मदत कंत्राटदाराने करायची, अशी स्पष्ट अट होती. नॉर्थ्रॉपने त्या दोन वर्षांच्या मुदतीला होकार दिला नाही. हवाई दलाने ती किरकोळ कागदी चूक मानून पुढे रेटली. जीएओ म्हणालं, ही किरकोळ चूक नव्हे, ही टेंडरची मूलभूत अट आहे आणि ती मान्य नसणारी निविदा निवडता येत नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा. मोठ्या विमानाला मोठे हँगर लागतात, धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बांधकाम बदलावं लागतं. त्याचा हिशेब नीट धरलेला नव्हता. सुनावणीदरम्यान हवाई दलाने आकडेमोडीतल्या चुका मान्य केल्या, आणि दुरुस्त केल्यावर संपूर्ण आयुष्यभराच्या खर्चात बोइंगचं विमान थोडंसं स्वस्त निघालं. शिवाय एका बाबतीत बोइंगला चर्चेत सांगितलं गेलं होतं की तुम्ही उद्दिष्ट पूर्ण केलंय. नंतर मत बदललं, ते बोइंगला कळवलंच नाही.

जीएओच्या शिफारशी खात्यावर बंधनकारक नसतात, पण त्या डावलण्याची हिंमत सहसा कुणी करत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये संरक्षण मंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अख्खी प्रक्रिया रद्द करून ती पुढच्या सरकारवर सोपवली.

नॉर्थ्रॉपबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. हवाई दलाला त्यांचं विमान पसंत होतं आणि स्पर्धा त्यांनी जिंकली होती. पण ग्राहकाला आवडणं आणि ग्राहकाच्या छापील अटीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेबांना आपला माल पसंत आहे, तोंडी सांगितलंय, तेव्हा ती एक अट सोडून दिली तरी चालेल, असं म्हणणारे मित्र मला पंपांच्या धंद्यातही भेटतात. स्पर्धकाने माहिती अधिकारात कागद काढले की त्या पसंतीला कवडीची किंमत उरत नाही. साहेब बदलून गेलेले असतात, फाईल तिथेच असते.

दर ठरवण्याची फेरी

फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा टेंडर निघालं, आणि या वेळी हवाई दलाने आवडीनिवडीला जागाच ठेवली नाही. ३७२ अनिवार्य अटी: पूर्ण करा किंवा बाहेर व्हा. त्याखेरीज ९३ ऐच्छिक गोष्टी, पण त्यांची यादी उघडायची फक्त एकाच परिस्थितीत, दोन निविदांच्या समायोजित किमतींमध्ये एक टक्क्याहून कमी फरक असेल तर. फरक त्याहून जास्त असेल तर स्वस्त निविदा जिंकली. समायोजित म्हणजे विमानाची किंमत, त्यात इंधनखर्च, बांधकामाचा खर्च आणि युद्धकाळात किती विमानं लागतील याचा हिशेब धरून आलेला आकडा.

आपल्याकडे टेंडर भरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तांत्रिक लिफाफ्यात पास झालात की पुढे फक्त एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराची निविदा. अमेरिकेत मोठ्या शस्त्रखरेदीत असं सरळ सूत्र क्वचितच दिसतं. नॉर्थ्रॉपने कागद वाचले, या पद्धतीत लहान विमानाचं पारडं जड आहे असं म्हटलं, आणि ८ मार्चला स्पर्धेतून अंग काढून घेतलं. जिथे आपल्या मालाचा मुख्य गुण मोजलाच जाणार नाही तिथे न उतरणं हा शहाणपणाचा निर्णय होता असं माझं मत आहे. टेंडर न भरण्याचा निर्णय घेता येणं हे या धंद्यातलं कसब आहे, आणि ते सगळ्यात उशिरा येतं. ईएडीएसने मात्र एकट्याने उतरायचं ठरवलं.

२४ फेब्रुवारी २०११ ला बोइंगला काम मिळालं. फरक एक टक्क्याहून स्पष्टपणे जास्त होता, त्यामुळे ९३ गोष्टींची यादी उघडावी लागली नाही. ईएडीएसने तक्रार केली नाही. सूत्र इतकं सरळ होतं की तक्रार करायला जागाच नव्हती. दहा वर्षांची ओढाताण संपली.

बोइंगने इतका खाली दर का लावला? बाजारातल्या अनेक जाणकारांच्या मते एअरबसला अमेरिकेच्या भूमीवर कारखाना मिळू द्यायचा नाही हे त्यामागचं मोठं कारण होतं. (एअरबसने पुढे मोबीलला प्रवासी विमानांचा कारखाना काढलाच.) शिवाय ७६७ हे बोइंगचं जुनं, हातखंडा विमान. त्यावरून इटली आणि जपानसाठी टँकर बनवूनही झाले होते. अंदाज चुकणार नाही असं वाटण्यासारखी परिस्थिती होती. आम्हालाही असंच वाटतं, जेव्हा मागच्याच साली केलेल्या कामासारखं काम पुन्हा येतं.

आता कराराची रचना बघू, कारण पुढचं सगळं तिथे दडलेलं आहे. विमान विकसित करून पहिले नमुने द्यायचे, या कामाचा अपेक्षित आकडा होता ४.४ अब्ज डॉलर आणि वरची मर्यादा ४.९ अब्ज. दोन्हींच्या मधल्या खर्चवाढीत सरकार ६० टक्के भरणार, बोइंग ४० टक्के. म्हणजे मर्यादेपर्यंत पोचलं तर सरकारचे ३० कोटी जास्त, बोइंगचे २० कोटी. ४.९ अब्जच्या वर गेलेला प्रत्येक डॉलर बोइंगचा. पुढच्या बऱ्याच वर्षांतल्या विमानांचे दरही २०११ मध्येच बांधले गेले. आणि ऑगस्ट २०१७ पर्यंत १८ विमानं तयार ठेवायची होती.

करार होऊन काही महिने होत नाहीत तोच बोइंगचा स्वतःचा अंदाज ५.२ अब्जवर गेला होता. कामाला नीट सुरुवात होण्याआधीच मर्यादा ओलांडली गेली होती.

निभावण्याची वर्षं

जुलै २०१४ मध्ये पहिला मोठा तोटा जाहीर झाला, करापूर्वीचा ४२ कोटी ५० लाख डॉलरचा. कारण वायरिंग. लष्करी विमानात महत्त्वाच्या यंत्रणांना दोन-दोन वाटांनी वीज आणि संदेश जातात, एक वाट गोळीने तुटली तरी दुसरी चालावी म्हणून. त्या दोन वाटांच्या वायरी एकमेकींपासून ठरावीक अंतरावर असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी त्या तशा नव्हत्या. प्रवासी ७६७ मध्ये ही अट नव्हती, लष्करी टँकरमध्ये होती. ओळखीचं काम आहे असं म्हणून दर लावला की अशा जागी पाय अडकतो. नव्वद टक्के काम तेच असतं, उरलेले दहा टक्के सगळा नफा खाऊन टाकतात.

पुढच्या जुलैत ८३ कोटी ५० लाखांचा तोटा, इंधन यंत्रणेमुळे. त्याच काळात चाचणीच्या विमानात चुकीचं लेबल लागलेलं रसायन भरलं गेलं, यंत्रणेचं नुकसान झालं आणि आधीच ताणलेलं वेळापत्रक आणखी सरकलं. माल पुरवठादाराचा, लेबल त्याचं, पण हवाई दलाशी करार बोइंगचा. उपठेकेदाराची चूक ही मुख्य कंत्राटदाराचीच चूक, हे जगात कुठेही बदलत नाही.

ऑगस्ट २०१७ आला आणि गेला. पहिलं विमान हवाई दलाने ताब्यात घेतलं जानेवारी २०१९ मध्ये, आणि ते कॅन्ससमधल्या मॅकॉनेल तळावर उतरलं. काही आठवड्यांतच ताबा घेणं थांबवावं लागलं, कारण नव्याकोऱ्या विमानांच्या पोटात हत्यारं आणि सुटे तुकडे राहिलेले सापडले. विमानात सैल राहिलेला नटसुद्धा उडताना सरकत जाऊन एखाद्या दोरखंडात किंवा वायरीत अडकू शकतो. तपासणी झाली, पुरवठा सुरू झाला, पुन्हा तेच सापडलं, पुन्हा थांबला. करारात लिहिलेलं कुठलंही नवं तंत्रज्ञान यात नव्हतं. काम संपल्यावर हत्यारं मोजून पेटीत ठेवण्याची शिस्त तेवढी हवी होती. या प्रकरणातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं हेच. संशोधनात अडचण येणं समजू शकतो, झाडलोट न करता माल पाठवणं नाही.

आता कॅमेऱ्यांबद्दल. जुन्या केसी-१३५ मध्ये इंधन देणारा माणूस शेपटीच्या बाजूला पालथा झोपतो आणि काचेतून खाली बघत इंधनाची लांब दांडी, ज्याला बूम म्हणतात, ती मागून येणाऱ्या विमानाच्या तोंडात अलगद बसवतो. डोळ्यांनी दिसतं, हाताने कळतं. केसी-४६ मध्ये हा माणूस पुढे, वैमानिकांच्या मागे खुर्चीत बसतो. खास चष्मा लावतो आणि शेपटीजवळच्या कॅमेऱ्यांनी दाखवलेलं त्रिमितीय चित्र पडद्यावर बघून बूम हलवतो. कल्पना चांगली आहे. पण सूर्य ठरावीक कोनात आला की चित्र उजळून जातं किंवा सावलीत बुडतं, आणि अंतराचा अंदाज किंचित फसतो. बूमचं टोक इंधनाच्या छिद्राऐवजी बाजूच्या पत्र्याला घासतं आणि ऑपरेटरला ते कळतही नाही. खाली रडारला न दिसणारं स्टेल्थ विमान असेल तर त्याच्या खास लेपावर ओरखडा उठतो. हवाई दलाने या दोषाला सर्वात गंभीर वर्गात टाकलं.

तरी विमानं ताब्यात घेतली, कारण जुना ताफा थांबायला तयार नव्हता. पण प्रत्येक विमानामागे २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत रक्कम रोखून ठेवली. आपल्या भाषेत सांगायचं तर काम घेतलं, बिलातून रिटेन्शन कापलं. ज्यांनी सरकारी बिलातून कापलेली सुरक्षा ठेव दोष-दायित्व कालावधी संपेपर्यंत डोळ्यांत प्राण आणून मोजली आहे, त्यांना बोइंगच्या खजिन्याचं काय झालं असेल हे समजेल. एप्रिल २०२० मध्ये समझोता झाला: बोइंगने स्वतःच्या खर्चाने कॅमेऱ्यांची संपूर्ण नवी यंत्रणा बसवायची. कोविडच्या त्या दिवसांत हवाई दलाने रोखलेल्यांपैकी ८८ कोटी २० लाख डॉलर मोकळे केले.

याच विमानातला दुसरा दोष शेजारी ठेवून बघा. बूम फार कडक आहे. ए-१० हे हळू उडणारं, कमी जोराच्या इंजिनाचं लढाऊ विमान बूमला जोडून राहण्यापुरता जोर लावू शकत नाही. दोष तितकाच खरा, इंधन भरण्यात अडथळा तितकाच. पण बूमचा कडकपणा हवाई दलाने मंजूर केलेल्या अटीप्रमाणेच होता. म्हणून तो बदलण्याचा खर्च हवाई दलाचा, आणि २०१९ मध्ये बोइंगला त्या कामाचा ५ कोटी ५५ लाख डॉलरचा वेगळा कार्यादेश मिळाला.

एकाच विमानाच्या शेपटीत दोन दोष. एकाचं बिल कंत्राटदाराला, दुसऱ्याचं सरकारला. फरक फक्त कागदावर काय लिहिलं होतं आणि कुणी सही केली होती याचा. टेंडरपूर्व बैठकीत अटींवर प्रश्न विचारून शुद्धिपत्रक काढून घेण्यासाठी मी भांडतो तेव्हा नवी मुलं कंटाळतात. त्यांना मी हे दोन दोष सांगतो. २०११ च्या आधी कॅमेऱ्याच्या चित्राबद्दल, कुठल्या प्रकाशात, किती अंतरावरून, किती अचूक दिसायला हवं, हे दोन्ही बाजूंनी बसून आकड्यात लिहून ठेवलं असतं तर पुढची कित्येक वर्षं वाचली असती असं मला वाटतं. नंतर दोष कुणाचा यावर दोन्हीकडचे अभियंते बराच काळ वाद घालत राहिले, कारण अट होती पण मोजपट्टी नव्हती.

तरीही काम कायम

एवढं सगळं होऊन बोइंगचं कंत्राट रद्द का झालं नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. उत्तर केसी-१३५ मध्ये आहे. कंत्राट मोडलं असतं तर पुन्हा नवं टेंडर, पुन्हा तक्रारी, पुन्हा दहा वर्षं, आणि तोवर पणजोबांच्या वयाची विमानं ओढत राहायची. बोइंगने प्रत्येक तोटा जाहीर केला, अंगावर घेतला, काम सोडलं नाही. दोष मान्य केल्यावर दुरुस्ती स्वतःच्या पैशाने करायची तयारी दाखवली. यात उपकार काही नाही, करारच तसा होता. पण असे करार अर्धवट सोडून न्यायालयात गेलेल्या कंपन्याही जगात आहेत.

बोइंगच्या वरिष्ठांनी नंतरच्या वर्षांत उघडपणे सांगितलं की विकासाचं काम ठराविक दरात घेताना यापुढे आम्ही फार सावध राहू. ज्या वस्तूचा नमुनाच अजून बनलेला नाही तिचा अंतिम दर आज बांधून द्यायचा, ही सरकारसाठी सोयीची गोष्ट. हवाई दलाला मात्र ती पूर्णपणे सोयीची ठरली नाही. पैसे वाचले, वर्षं गेली. ज्या स्क्वाड्रनला २०१७ मध्ये विमान हवं होतं तिला तोट्याचा आकडा कुणाच्या वहीत पडला याचं काय?

जुलै २०२५ मध्ये हवाई दलाने ठरवलं की १७९ नंतरची ७५ पर्यंत विमानं पुन्हा केसी-४६ च घ्यायची, नव्याने स्पर्धा न घेता. एअरबसला तिसऱ्यांदा मैदानात उतरायची संधी मिळाली नाही. या जास्तीच्या विमानांचा दर २०११ च्या आकड्याने बांधलेला नाही, तो नव्याने ठरवायचा आहे. इतक्या वर्षांचा तोटा पाठीशी असलेला कंत्राटदार आणि दुसरा पर्याय हातात नसलेला ग्राहक त्या टेबलावर समोरासमोर बसणार आहेत.

कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आधी २०२३-२४ मध्ये यायची होती, ती आता २०२७ वर गेली आहे. तोवर ऑपरेटर त्याच खुर्चीत, तोच चष्मा लावून काम करत आहेत, आणि सूर्य कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून बूम खाली सोडत आहेत.